वाट्याला आलेल्या भाषा

ज्या ज्या प्रोग्रामिंग भाषेच्या जोरावर मी पगार घेतला, त्यातली एकही मी स्वतः निवडलेली नाही. सांगलीत कामाला लागले तेव्हा फॉक्सप्रो मिळाली, कारण तिथल्या पतसंस्था, दूध संघ, अडत दुकानं सगळी तिच्यावरच चालत होती. पुण्यात आले तर २००० साल तोंडावर आलेलं आणि कंपनीला कोबोलची माणसं हवी होती. पुढे जावा आली, ती डॉटनेटची ट्रेनिंग बॅच भरली होती म्हणून. जावास्क्रिप्टचं तर विचारूच नका, ती सगळ्यांच्याच गळ्यात पडते. पॉल ग्रॅहम यांचा लिस्पची बाजू घेणारा २००१ सालचा निबंध मला फार आवडतो. ताकदीची भाषा हाताशी असली की छोटी कंपनीसुद्धा मोठ्यांना मागे टाकते, असं त्यांचं म्हणणं. पण ती कंपनी त्यांची स्वतःची होती. आमच्याकडे हिंजवडीच्या बसमध्ये शेजारी बसलेला विचारतो, "तू कशात?" आपण सांगतो, "जावात." हे "कशात" कुणीतरी मॅनेजरने एका एक्सेल शीटमध्ये ठरवलेलं असतं.

गंमत अशी की, न निवडलेल्या या भाषांवरून आम्ही भांडतो मात्र तावातावाने. पीएचपीचं नाव काढलं की तोंड वाकडं करणारे, पर्लला शिव्या घालणारे, जावा म्हटलं की जांभई देणारे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. थोडं खोदून विचारलं की बहुतेकांच्या बाबतीत एकच निघतं: त्या भाषेत नवं काही लिहायला त्यांना कधी मिळालेलंच नसतं. दुसरा कुणीतरी लिहून, नोकरी सोडून गेलेला, कागदपत्रं नाहीत, आणि रात्री प्रॉडक्शन बंद पडलं म्हणून क्लायंटचा फोन. त्या रात्रीचा राग आयुष्यभर त्या भाषेवर निघत राहतो.

कॉलेजातही हेच. आमच्या पिढीने सी भाषा शिकली ती नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी' मधून आणि टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. पुस्तक उत्तमच होतं. पण १९९८ साली सी प्लस प्लसचं अधिकृत मानक ठरल्यावरही कित्येक कॉलेजांत तोच निळा पडदा आणि तीच जुनी प्रॅक्टिकलं चालू राहिली. नोकरीला लागणारी मुलं सांगतात, "मॅडम, सी प्लस प्लस नको, बोअर आहे." त्यांनी ती भाषा पाहिलेलीच नसते. प्रॅक्टिकलच्या जर्नलचा कंटाळा असतो तो.

फॉक्सप्रोवर माझं प्रेम आहे आणि ते आंधळं आहे, हे आधीच सांगून टाकते. त्या भाषेत एक कमांड विंडो असायची. तिथे एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, समोर यादी हजर. पतसंस्थेचे मॅनेजर, सगळे त्यांना अण्णा म्हणत, पाठीमागे उभे राहून विचारायचे, "ताई, मार्चअखेर ज्यांचे तीन हप्ते थकलेत तेवढे दिसतील का?" त्यांचं वाक्य संपेपर्यंत माझी ओळ लिहून झालेली असायची. सीडॅकचं जिस्ट कार्ड बसवलेल्या त्या डॉसच्या मशीनवर देवनागरीत नावं उमटायची आणि अण्णा चष्मा वर करून एकेक नाव वाचत मान डोलवायचे. त्यानंतर मी मोठमोठ्या यंत्रणांवर काम केलं, पण प्रश्न विचारणारा माणूस आणि उत्तर यांच्यामध्ये इतकं कमी अंतर मला पुन्हा कुठे सापडलं नाही. आता तेवढ्याच यादीसाठी तिकीट काढावं लागतं, स्प्रिंटमध्ये घ्यावं लागतं, आणि यादी येते तोवर विचारणाऱ्याला ती कशाला हवी होती तेच आठवत नाही.

आता याच लाडक्या भाषेची एक खोड सांगते. फॉक्सप्रोत दोन शब्द सारखे आहेत का हे बरोबरच्या चिन्हाने तपासलं की भाषा उजवीकडचा शब्द संपेपर्यंतच तुलना करायची. म्हणजे डावीकडे 'पाटील वसंत' आणि उजवीकडे नुसतं 'पाटील' असेल तर उत्तर 'होय, सारखे'. बाजू बदलल्या तर 'नाही'. 'सेट एक्झॅक्ट ऑन' असं सांगितलं तर ती नीट वागायची, पण न सांगता मिळायची ती ही ढिली तुलना. आणि उजवीकडे काहीच नसेल तर? तर तुलना सुरू होण्याआधीच संपलेली, म्हणून जगातला प्रत्येक शब्द त्या रिकाम्या शब्दाशी सारखा. माझ्या आधीच्या प्रोग्रॅमरने थकबाकीच्या नोटिशीचा प्रोग्रॅम असाच लिहिला होता. सभासदाचं नाव विचारायचा, आगेमागे असलेल्या मोकळ्या जागा छाटायचा आणि जुळेल त्याची नोटीस छापायचा. एका दुपारी अण्णांनी नाव न लिहिताच एंटर दाबलं. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कुरकुरत सुरू झाला आणि थांबेचना. चेअरमनसाहेबांच्या नावाची नोटीस बाहेर आली तेव्हा कुठे कुणाच्या लक्षात आलं. आम्ही पोट धरून हसलो. मी ते नीट केलं, चहा झाला, विषय संपला. फॉक्सप्रोला कुणी नावं ठेवली नाहीत.

आता याच जातीची दुसरी खोड, जावातली. जावात आकडे ठेवायचे दोन प्रकार आहेत, साधा आकडा आणि वस्तूच्या रूपातला आकडा. वस्तूच्या रूपातले दोन आकडे दोन बरोबरच्या चिन्हांनी ताडून पाहिले तर भाषा किंमत बघत नाही, दोन्ही वस्तू एकच आहेत का ते बघते. पण जागा वाचावी म्हणून उणे १२८ ते १२७ पर्यंतच्या आकड्यांच्या वस्तू जावा आधीच करून ठेवते आणि जो मागेल त्याला त्याच देते. परिणाम असा की १२७ आणि १२७ सारखे, १२८ आणि १२८ वेगळे. एका बँकेच्या कामात शाखेचे क्रमांक असे ताडलेले होते. चाचणीत दहाबारा शाखा, सगळं हिरवंगार. प्रत्यक्षातही काही वर्षं काही बिघडलं नाही, कारण बँकच लहान होती. मग त्यांनी शाखा वाढवल्या आणि १२८व्या शाखेचा जमाखर्च रात्रीच्या बॅचमध्ये जुळेनासा झाला. तो कोड लिहिणारी मंडळी केव्हाच पांगली होती. शोधायला आम्ही बसलो. सापडलं तेव्हा कुणीही हसलं नाही. माझ्या शेजारचा मुलगा, एरवी शांत, म्हणाला, "ही काय भाषा आहे का?"

दोन्ही खोडी सारख्याच. दोन्ही ठिकाणी भाषेने 'सारखे' म्हणजे काय याचा स्वतःचा वेगळा अर्थ लावलेला, आणि तो सांभाळायची जबाबदारी लिहिणाऱ्यावर टाकलेली. तोलून पाहिलं तर फॉक्सप्रोचा अपराध मोठा. जावाने निदान 'इक्वल्स' नावाची नीट वाट दिलेली आहे, ती पहिल्या महिन्यात शिकवतातही. तरी एकीवर मी हसले आणि दुसरीवर चिडले. फरक भाषेत नव्हता. एकीकडे अण्णा समोर होते आणि चहा होता. दुसरीकडे पहाटेचा कॉन्फरन्स कॉल, आणि पलीकडून कुणीतरी दर पाच मिनिटांनी 'एनी अपडेट?' विचारतंय.

पण म्हणून सगळेच राग खोटे असं मी म्हणणार नाही. काही भाषांनी खरोखरच खड्डे खणून ठेवलेत, आणि खणणाऱ्यांनी ते मान्यही केलंय. टोनी होर यांनी १९६५ साली अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी 'नल' म्हणजे कशाकडेच न दाखवणारा संदर्भ आणला, करायला सोपं होतं म्हणून. २००९ साली त्यांनीच भर परिषदेत त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. जावात काम केलेल्या कुणालाही विचारा, नलपॉइंटर एक्सेप्शन हे शब्द कुठल्या नातेवाइकाच्या नावापेक्षा जास्त वेळा कानावर पडलेत. पीएचपीत शब्दामध्ये अक्षरं शोधताना आधी कुठे शोधायचं ते सांगायचं, आणि यादीत एखादी गोष्ट शोधताना आधी काय शोधायचं ते. वीस वर्षं वापरून झाली तरी माणूस दर वेळी तपासून बघतो. ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचं पहिलं रूप १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत उभं केलं. त्या घाईच्या खुणा अजून बुजलेल्या नाहीत. तिला आकड्यांची यादी लावायला सांगा. खास वेगळं सांगितलं नाही तर ती आकड्यांना अक्षरं समजून १, १०, ९ अशी लावून देते.

जावास्क्रिप्टचा माझा खरा राग मात्र पैशाचा आहे, आणि तो कळायला कोबोलकडे जायला हवं.

कोबोलला हसण्याची विद्वानांत जुनी प्रथा आहे. डाइक्स्ट्रा यांनी १९७५ साली लिहून ठेवलं की कोबोल वापरून बुद्धी पंगू होते आणि ती शिकवणं हा गुन्हाच मानला पाहिजे. आम्ही पुण्यात त्या गुन्ह्याचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले. काम परदेशातल्या एका विमा कंपनीचं होतं, तारखांतलं दोन अंकी वर्ष चार अंकी करायचं. कोबोलची ओळ पंच कार्डाच्या हिशोबाने ८० रकान्यांची. त्यातला कोड ७२व्या रकान्यापर्यंत, पुढचं कंपायलर वाचतच नाही. आणि त्या जुन्या कोडमध्ये 'इफ' कुठे संपतं हे सांगायला एकच खूण होती, पूर्णविराम. 'एंड-इफ' पुढे १९८५ च्या मानकात आलं. कुणीतरी वर्षाच्या चलाचं नाव लांबवलं, ओळ सरकली आणि तिचा पूर्णविराम नेमका ७३व्या रकान्यात जाऊन पडला. डोळ्यांना दिसतोय, कंपायलरला दिसत नाही. चूक म्हणून काही दाखवलं नाही. फक्त पुढची ओळ, जी सगळ्यांना लागू व्हायची, ती त्या 'इफ'च्या पोटात गेली आणि निम्म्या पॉलिसींची हप्त्याची तारीख बदलेना. आमच्या टीम लीडने कोडचा छापील कागद टेबलावर पसरला, फूटपट्टी लावली आणि रकाने मोजत त्या टिंबावर पेन्सिल टेकवली. त्या फूटपट्टीनंतर मी कोबोलला कधी हसले नाही, आणि तिच्यावर प्रेमही केलं नाही.

मान मात्र दिला, कारण हिशोब. कोबोलमध्ये रक्कम दशांशात ठेवता येते, प्रत्येक अंक अर्ध्या बाइटमध्ये जसाच्या तसा. दहा पैसे म्हणजे दहा पैसे. जावास्क्रिप्टमधला साधा आकडा द्विमान अपूर्णांकाचा, त्याला ०.१ नेमका मांडताच येत नाही. ०.१ आणि ०.२ मिळवा, उत्तर ०.३०००००००००००००००४. यात जावास्क्रिप्ट एकटी नाही, तसे आकडे वापरले तर जावा नि पायथनही हेच उत्तर देतात. पण त्यांच्याकडे दशांशाची वेगळी सोय घरातच असते. ज्या बाईने पतसंस्थेत मार्चअखेर पाच पैशांच्या फरकापायी सगळा स्टाफ रात्री नऊपर्यंत बसलेला पाहिलाय, तिला "राउंड करून टाका ना मॅडम" हे ऐकवत नाही. माझ्याहून निम्म्या वयाच्या एका फ्रंटएंडवाल्याशी यावरून माझा पुष्कळ वाद झाला. त्याच्या लेखी हा विषयच नव्हता. तो खाण्याच्या ऑर्डरचं ॲप बनवून आला होता. शेवटी सगळ्या रकमा पैशांत, पूर्णांकात ठेवायच्या यावर तोडगा निघाला. त्याला जावास्क्रिप्ट आवडते, कारण लिहिलेलं लगेच पडद्यावर हलताना दिसतं. यावर मी काय बोलणार? फॉक्सप्रोत मला नेमकं तेच आवडत होतं. २०२० च्या एप्रिलमध्ये न्यू जर्सीचे गव्हर्नर बेरोजगार भत्त्याची यंत्रणा सावरायला कोबोल येणाऱ्यांना साद घालत होते, तेव्हा त्याने मला ती बातमी पाठवली, पुढे एक हात जोडल्याचं चिन्ह.

त्या ७३व्या रकान्याने आणखी एक केलं. पायथन आली तेव्हा सगळे खुश होते, महिरपी कंस गेले, कोड कसा स्वच्छ. मला मात्र डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेला अर्थ आहे म्हटल्यावरच धडकी भरली. न दिसणाऱ्या जागेवर अर्थ टांगून ठेवणारी भाषा पुन्हा? दुधाने तोंड पोळलेली मी, ताक फुंकून पीत राहिले. काही महिने प्रत्येक फाइल मी टॅब आणि स्पेस दाखवणाऱ्या एडिटरमध्येच उघडायचे. पायथनने मला त्या बाबतीत कधी दगा दिला नाही, उलट पायथन ३ तर टॅब आणि स्पेसचा अर्थ संदिग्ध होईल अशी सरमिसळ सरळ नाकारते. भीती तरी गेली नाही. आता ती भाषेचा दोष म्हणून कुणाला सांगत नाही, एवढंच.

पायथन मला पटली ती वेगळ्याच कारणाने, मराठीमुळे. खातेदाराला मराठीत एसएमएस पाठवायचे होते. देवनागरीत एका संदेशात ७० अक्षरं मावतात, इंग्रजीत १६०. म्हणजे नावं मोजून छाटायची. 'मराठी' या शब्दाची लांबी किती? वाचणाऱ्याला विचारा, तीन. पायथन २ मध्ये साधा शब्द दिला तर १५, कारण ती बाइट मोजायची आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. पायथन ३ मध्ये पाच: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. जावा आणि जावास्क्रिप्टही पाचच म्हणतात. गो आणि रस्ट, सरळ लांबी विचारली तर १५. स्विफ्ट तीन सांगते, मराठी माणसाला हवं ते. पायथन ३ आली २००८ साली, जुनीचा आधार संपला २०२० च्या १ जानेवारीला. मधल्या अकरा वर्षांत जगभरच्या लोकांनी या बदलाच्या नावाने बोटं मोडली. चालू कोड का मोडता, असं त्यांचं म्हणणं. बरोबरच होतं त्यांचं, त्यांच्या कोडमध्ये काना-मात्रा नव्हत्या. मी मात्र तेव्हापासून कुठलीही नवी भाषा समोर आली की आधी तिला 'मराठी'ची लांबी विचारते. इंटरव्ह्यूला आलेल्या मुलांनाही विचारते. पंधरा का आणि पाच का हे जो सांगू शकतो, त्याला बाकीचं फारसं विचारावं लागत नाही.

मालकीची गोष्ट राहिली. मायक्रोसॉफ्टने १९९२ साली फॉक्स सॉफ्टवेअर ताब्यात घेतली, २००७ साली पुढची आवृत्ती निघणार नाही म्हणून सांगितलं, २०१५ च्या जानेवारीत उरलासुरला आधारही संपवला. व्हिज्युअल बेसिकवाल्यांचं त्याआधीच असं झालं होतं. २००२ साली डॉटनेटबरोबर आलेल्या नव्या अवतारात त्यांचा जुना कोड चालेना. कोल्हापूरच्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने तेव्हा ठरवलं, एका कंपनीच्या मुठीत असलेल्या भाषेत पुन्हा एक ओळ लिहायची नाही. तो पीएचपीकडे गेला. पीएचपीवर होणारे सगळे विनोद त्याला पाठ आहेत, स्वतःच सांगतो. त्याने जाणीवपूर्वक भाषा निवडली, आणि ती निवडताना भाषेच्या आतलं काहीही पाहिलं नाही.

माझ्या वाट्यालाही मध्यंतरी निवडीचा प्रसंग आला. नवी सर्व्हिस शून्यापासून लिहायची होती आणि भाषा टीमने ठरवायची होती. तरुण मंडळींना रस्ट हवी होती. स्टॅक ओव्हरफ्लोच्या सर्वेक्षणात २०१६ पासून ती लाडक्या भाषांत वर असते, आणि तिचा कंपायलर कोणती वस्तू कुणाच्या मालकीची यावरून इतका कटकट करतो की तो गप्प बसला म्हणजे निम्मी काळजी मिटते. मला ते पटत होतं. रस्ट काय, गो काय, जन्मल्या त्याही कुणाच्या तरी वैतागातूनच. रस्ट सुरू करणाऱ्या ग्रेडन होर यांच्या इमारतीची लिफ्ट सॉफ्टवेअर कोलमडून बंद पडायची. गो सुचली ती गुगलमध्ये सी प्लस प्लसचा लांबलेला बिल्ड संपायची वाट बघताना. बैठकीत दीड तास मेमरी, वेग, सुरक्षितता यावर चर्चा झाली. निकाल लागला तो एचआरच्या बाईंनी तोंड उघडल्यावर. नोटीस पीरियड ९० दिवसांचा, रस्ट येणारी माणसं मोजकी, आणि ती आपल्या बजेटमध्ये बसत नाहीत. गो ठरली. रस्टसाठी सगळ्यात जास्त भांडलेला मुलगा नंतर मला म्हणाला, "मॅडम, रेझ्युमेवर चांगलं दिसलं असतं." हे बैठकीत का बोलला नाहीस, असं मी विचारलं. तो हसला. त्या खोलीतल्या प्रत्येकाकडे असं न बोललेलं एक कारण होतं. माझंही होतं: निवृत्तीला फार वर्षं उरलेली नसताना कंपायलरकडून रोज बोलणी खायची माझी तयारी नव्हती.

गो नीरस आहे आणि मला ती चालते. चल जाहीर करून वापरलं नाही तर कोड कंपाइलच होत नाही. गोफमट नावाचं अवजार सगळ्यांचा कोड एकाच साच्यात लावून देतं, टॅबने, त्यामुळे कंस कुठे आणि मोकळी जागा किती हे वाद एका दिवसात संपले. ती ऊर्जा आता चलांच्या नावांवर खर्च होते. गोवाल्यांच्या रिवाजात नावं छोटी, जमलं तर एकाच अक्षराची. फॉक्सप्रोत रकान्याची नावं दहा अक्षरांत कोंबून मी पुरती दमले आहे, म्हणून 'ब्रँचनंबर' असं अख्खं लिहिते. रिव्ह्यूमध्ये ते कापून कुणीतरी नुसतं 'बी' करतं, मी पुन्हा लांबवते. मतं घेतली तर मी हरेन, म्हणून अजून मतं घेऊ दिलेली नाहीत.